मी दिलेला हॅपी कोड

ई-रीडर घेतला तो आईसाठी. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला आणि छापील अक्षरं तिला दिसेनाशी झाली. रविवारच्या उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचं काम आमच्या ख्रिस्ती मंडळीत कित्येक वर्षं तिच्याकडे होतं. संगमनेरच्या एका वसतिगृहात ती स्वयंपाकीण होती, तिथल्या मुलींच्या जुन्या पुस्तकांवरून मोठेपणी वाचायला शिकलेली. चार लोकांपुढे उभं राहून वाचायचं, याचं तिला फार अप्रूप होतं. ई-रीडरवर अक्षर इतकं मोठं करता यायचं की पानावर जेमतेम वीस शब्द मावत. ती पुन्हा वाचू लागली.

वर्ष भरत आलं आणि ते यंत्र बिघडलं. पान उलटलं की वरचा अर्धा भाग बदलायचा, खाली मागचंच पान तसंच राहायचं. कधी नीट चालायचं, कधी नाही.

कंपनीच्या ग्राहक सेवेचं नाव काढलं तरी आजही माझ्या कपाळाची शीर उडते. रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि तेही हिंदीत. बंद करून चालू करा. व्हिडिओ पाठवा. पाठवला, तर उघडत नाही. पुन्हा पाठवला, तर त्यात यंत्राचा नंबर दिसत नाही. एकाने विचारलं, वापरणाऱ्या बाई वयस्कर आहेत का? असतील तर सवय व्हायला वेळ लागतो. यंत्र अडकतंय आणि सवय आईने करायची! प्रत्येक फोनच्या शेवटी मात्र झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी, एकाच चालीत.

मग एक दिवस मी शाळेत दहावीच्या वर्गावर असताना कंपनीच्या माणसाचा फोन आला. आम्ही इथूनच दुरुस्ती केली आहे, तुमच्या मोबाईलवर हॅपी कोड आलाय तेवढा सांगा, म्हणाला. मी व्हरांड्यात येऊन मेसेज उघडला. चार आकडे, आणि खाली स्पष्ट लिहिलेलं, तक्रार सुटली असेल तरच कोड द्यावा. यंत्र घरी होतं, मी ते पाहिलंही नव्हतं. तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, कोड मिळेपर्यंत रोज फोन येत राहतील."

मी कोड दिला. फसून नाही. वाचून, समजून दिला. ते फोन बंद व्हावेत एवढंच मला हवं होतं.

संध्याकाळी पाच-सहा पानं नीट उलटली. दुरुस्त झालं, असं मी आईला सांगून टाकलं. दोन दिवसांनी माझ्याच हातात ते अडकलं. फोन केला तर तक्रार तुमच्या समाधानाने बंद झाली आहे, आणि नवीन घ्यायची तर वॉरंटी कालच संपली. मी तणतणले, पलीकडच्या मुलीला नको ते बोलले. आईला मात्र काही बोलले नाही. रविवारी चालेल, अशी आशा.

तो रविवार पिकाच्या आभाराच्या सणाचा होता, आमचं देऊळ, म्हणजे चर्च, भरलेलं. आई वाचू लागली. तिसऱ्या पानाला वरचं नवं आणि खालचं जुनं एकत्र झालं. तिने वाचलेलंच पुन्हा वाचलं, थांबली, मागे गेली, पुन्हा तेच. मागच्या बाकावरच्या मुली हसल्या. पाळकसाहेबांनी हळूच पुढे होऊन उरलेलं वाचलं.

रिक्षात ती म्हणाली, "डोकं काम करंना माझं. दुसरीला द्या म्हनावं आता वाचायला."

तेव्हा बोलायला हवं होतं. पण यंत्राचा दोष आहे म्हणावं, तर दुरुस्त झालं असं कोण म्हणालं होतं? मी गप्प बसले. एक-दोन दिवस नाही, तीन महिने. तेवढ्यात आईचा स्वतःवरचा विश्वास उडाला. गॅस बंद केला का, हे ती दोनदा बघायची. आमटीत मीठ टाकलं का, मला विचारायची. आणि मी कंपनीला शिव्या घालायची. राग खरा होता, सोयीचाही होता.

एका दुपारी मेथी निवडता निवडता तिने विचारलं, "इसरायच्या आजाराचा डाक्टर आसतो म्हनं. नेतीस का मला?"

मग मी सगळं सांगितलं. कोड, मेसेज, वॉरंटी. तिने हातातली जुडी निवडून संपवली.

"त्या कंपनीला मी कोन ते ठावं न्हाई," ती म्हणाली. "तुला तर हुतं."

देठं गोळा करत म्हणाली, "मंडळीत हसं झालं माझं. तितंच सांग. उभी ऱ्हा आन् सांग."

आमच्याकडे उपासनेत साक्ष द्यायला वेळ देतात. कुणी आजारातून उठलं, कुणाला नोकरी लागली, ते उभं राहून सांगतात. मी जन्मात कधी उभी राहिले नव्हते. त्या रविवारी राहिले. आईचं डोकं शाबूत आहे, दोष यंत्राचा होता, म्हणाले. मग कंपनी, व्हिडिओ, दिलगिऱ्या. मी तापत गेले, लोक माना डोलवू लागले, एक-दोघांनी आपलेही अनुभव पुटपुटले. मला बरं वाटू लागलं होतं.

आई तिसऱ्या बाकावरून, न उठता, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तू दिलास त्या नंबरचं सांग."

मग तेही सांगितलं, कोड मी वाचून, समजून दिला ते. आता कुणीच मान डोलावत नव्हतं.