बारा वाजताचं माठाचं पाणी

अरुंधती पिंगळे माशांच्या रक्तातल्या पेशी मोजायची. कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर, नोकरी अजून कच्ची. संध्याकाळी आई, द्वारकाबाई, माशांचा विटाळ नको म्हणून तिला आधी न्हाणीत पाठवायच्या आणि मगच घरात घ्यायच्या. अरुंधतीची तक्रार नव्हती. इंदूरच्या मे महिन्यात दोनदा अंघोळ झाली तर बिघडलं काय?

सन त्रेपन्न. प्रयोगशाळेत काचेच्या दोन टाक्या होत्या. एकीतलं पाणी दिवे लावून हळूहळू तापवलेलं, दुसरीतलं साधं. दोन्हींत सिरपूरच्या तलावातले रोहू. विभागप्रमुख मुळ्ये सरांचं म्हणणं असं, की गरमीनं मासा बिथरला की रोगाशी लढणाऱ्या गोल पेशी रक्तातून कमी होतात. अरुंधती रोज दुपारी दोनला रक्त काढून दोनशे पांढऱ्या पेशी मोजायची. निघालं उलटंच. तापलेल्या टाकीतल्या माशांत दोनशेंपैकी गोल पेशी दीडशे निघाल्या. साध्या टाकीत नव्वद.

"काचपट्ट्या अदलाबदल झाल्यात," सर म्हणाले.

"नाही झाल्या."

"मग मोजणी चुकली. सोमवारपासून दुसरं कुणी मोजेल. पक्क्या नोकरीचं नंतर बघू."

शनिवारी अरुंधती जेवायला घरी गेलीच नाही. प्रयोगशाळेतच स्टुलावर बसून राहिली. बाराच्या ठोक्याला शिपाई गजानन माठ घेऊन आला आणि साध्या टाकीत निवांत ओतू लागला.

"गजाननराव, हे काय?"

"माठाचं पाणी, बाईजी. एकदम ठंडं. लोक पाणपोया लावतात, आपल्यानं एवढं तरी होतं."

"रोज?"

"पंधरा दिवस झाले. त्या दिव्याच्या टाकीला हात लावायची सरांची मनाई आहे. नाहीतर तिलाही घातलं असतं."

पाण्याचं तापमान सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला नोंदलं जायचं. मधे कोण बघतो?

तिनं सरांना जेवणावरून उठवून आणलं आणि साध्या टाकीत हात घालायला लावला. सर बराच वेळ हात तसाच ठेवून उभे राहिले.

"गार आहे," ते म्हणाले.

"रोज याच वेळी होतं. दिव्याची टाकी सावकाश तापली, तिथले मासे रुळले. यांना रोज दुपारी गार पाण्याचा दचका बसतो, म्हणून यांच्याच गोल पेशी घटल्या."

सरांनी हात पुसला. "मोजणी तुमच्याकडेच राहील. या गजाननला मात्र आजच काढतो."

"काढा. पण हे पाणी आणखी दहा दिवस ओतलं जायला हवं, तरच हे सिद्ध होईल. ओतणार कोण?"

सरांनी विचार केला. गजाननला नोकरीवर ठेवलं, आणि रोज बाराला मापून माठभर पाणी ओतायचा हुकूम दिला.

गजाननला त्याचा अर्थ अरुंधतीकडून कळला.

"थंड पाण्यानं त्रास होतो यांना?"

"रक्त तसं सांगतं."

"मग मी नाही ओतणार. साहेबांना सांगा, हवी तर माझी नोकरी घ्या."

अरुंधतीनं सरांना काही सांगितलं नाही. पुढचे दहा दिवस बाराला माठ तिनंच रिकामा केला. तोवर गजानन बाहेर व्हरांड्यात पाठ करून उभा असायचा.