बैलासोबत दावं देणारा माणूस

"बोल लवकर! हा व्यापारी आहे का नाही?" फौजदार माझ्या कानाशी दबक्या आवाजात खेकसले. "नाही म्हणालास तर त्याला इथंच बेड्या घालतो."

रिसोडचा बैलबाजार ऐन भरात होता. समोर पांढऱ्या मिशांचा एक माणूस बैलजोडी धरून शांत उभा होता. मी गुरं राखता राखता दलाल झालेला माणूस. पोलिसांना बाजारातलं काय कळणार? म्हणून पारख करायला मला आणलं होतं.

"साहेब, तुमच्यापाशी फोटो नाही काय?"

"आहे. कॉलेजातला, दाढीवाला. त्यावरून माझा बापसुद्धा पकडता येईल."

फौजदारांचा संशय असा, की हा निजामाच्या मुलखातला मोठा कम्युनिस्ट पुढारी. वकिलीचं शिक्षण सोडून भूमिगत झालेला. देशमुखांच्या, म्हणजे तिकडच्या बड्या जमीनदारांच्या, जमिनी काढून त्यानं मजुरांना वाटल्या. तिकडं काही जण त्याच्या नावानं नवस बोलत. वॉरंटात मात्र वेगळं होतं : एका देशमुखाच्या घराला बाहेरून कडी लावून ते पेटवलं, आत माणसं असताना. म्हणजे फाशीची केस.

"थांबा साहेब. मले माह्या पद्धतीनं पाहू द्या."

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर शेला टाकायचा आणि खाली बोटं दाबायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा म्हणजे पाच. बघ्यांना काही कळत नाही.

मी शेला टाकला. त्याची बोटं अशी चालली, की मी चाटच पडलो. मी पाडून मागितलं, त्यानं झटकलं. मी वाढवलं, त्यानं माझा अंगठाच मुरगळला!

"लय चिवट हाय गा तुमी!"

"तुमी काय कमी हाय, दलाल?"

मला जोर चढला. असा गडी बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. सौदा पटला तेव्हा मी फौजदारांना सांगणारच होतो, की हा सोळा आणे व्यापारी आहे.

तेवढ्यात त्यानं बैलजोडी माझ्या हाती दिली. दाव्यासकट.

विकणारा जनावर देतो, दावं कधीच देत नाही. दावं गेलं की गोठ्याची लक्ष्मी गेली, असं आम्ही मानतो. हा माणूस सगळा धंदा शिकला होता, पण यावर त्याचा विश्वास नव्हता. म्हणून ते त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"दावं?" मी हळूच म्हणालो.

त्यानं माझ्या हातातल्या दोराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्याला कळलं. पण तो पळाला नाही.

"साहेब, जरा थांबा! भाव पक्का करून राह्यलो!" मी ओरडलो आणि पुन्हा शेला टाकला. तोंड त्याच्या कानाशी नेलं. "त्या घरात लेकरं होती म्हणतात. किती?"

त्यानं माझी दोन बोटं धरली आणि दाबली. सोडेचना.

मी शेला ओढून काढला. "हा व्यापारी नाही!"

अख्खा बाजार वळून पाहू लागला.

केस निजामाच्या मुलखात चालली. मला साक्षीला नेलं. त्याच्या वकिलानं विचारलं, "आरोपी तोंडानं काय बोलला?"

"काही नाही. बोटं दाबली."

सगळं कोर्ट हसलं. पिंजऱ्यातला तो एकटा हसला नाही.

त्याला आग लावताना पाहिलेला साक्षीदार मिळेना, म्हणून तो सुटला. पुढं निवडणुकीला उभा राहिला, हार घालून मिरवला. फौजदारांना बढती मिळाली. आणि मला? रिसोडात मला खबऱ्या म्हणू लागले! ज्यांची जनावरं मी उभ्या जन्मात विकून दिली, तेच माझ्या शेल्याखाली हात घालीनात. मी काय खोटं बोललो होतो? व्यापारी नव्हताच तो. शेवटी बैलबाजार सोडून कामरगावात धान्याची दलाली धरली.

तिथं सौदा कुठलाही असो, मी समोरच्याला मोठ्यानं बोलायला लावतो. आणि शेजारी साक्षीला दोन माणसं उभी करतो.