लाभुबेनचा दोनशे अठराचा आकडा

लाभुबेनचा माणसांच्या बोलण्यावर काडीचा विश्वास नव्हता. आमच्या सौराष्ट्रातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात त्यांनी तेवीस वर्षं रक्त तपासलं. कुणी म्हणालं, "बेन, मी गोड खातच नाही," की त्या म्हणत, "मग ही साखर शेजाऱ्याची असेल." मी समोरच्या खिडकीत औषधं द्यायचो, त्यामुळे त्यांचे टोमणे मला गाठियांसोबत रोज फुकट मिळत. मशीनवरही त्यांचा राग असे. आकडा पटला नाही की आधी मशीनला थापट, मग पुन्हा तपासणी.

एका सकाळी कंकुबा आपल्या वहूला, म्हणजे सुनेला, रळियातला घेऊन आल्या. दातांचे डॉक्टर ओधवजीभाई तिचे चुलत जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले चुलत भाऊ. झालं! रळियातचा पदर तोंडावरून थेट हनुवटीखाली, ओधवजीभाईंची नजर खिडकीबाहेर. जेठासमोर सून बोलत नाही, म्हणून कंकुबाच म्हणाल्या, "दाढ दुखतेय, थोडा ताप आहे." ओधवजीभाईंनी भिंतीकडे बघत गोळ्या लिहिल्या आणि तापासाठी रक्त तपासायला सांगितलं. दिवसभर गावाच्या तोंडात डोकावणारा माणूस, पण घरच्या सुनेच्या तोंडाशी गाठ पडली की पार संन्यासी.

पांढऱ्या पेशी बावीस हजार निघाल्या. सीआरपी दोनशे अठरा. अंगात कुठे जोराचा संसर्ग असला की हा आकडा चढतो. एरवी पाचच्या आतच असतो. लाभुबेननी मशीनला थापट मारली. दुसऱ्यांदाही दोनशे अठराच. मग त्या चपला न घालताच ओधवजीभाईंच्या खोलीकडे धावल्या, मीही मागोमाग. सासू-सून तिथेच बसल्या होत्या.

"ओधवजीभाई, तोंड पाहिलंत का हिचं?"

"अहो, माझ्या भावाची बायको आहे ती!"

"मग रक्त कशाला पाहिलंत? तेही घरचंच आहे!"

"दाढच तर आहे, बेन."

"दाढेनं एवढा आकडा चढत नाही. रळियात, बेटा, थुंकी गिळता येते का?"

पदराआड मान हलली. नाही. लाभुबेननी विचारलं नाही, सवरलं नाही, पदर वर केला. जबड्याखाली दोन्ही बाजूंना दगडासारखी सूज होती. जीभ वर ढकलली गेली होती, आतून पदर लाळेनं भिजला होता आणि श्वास घोरल्यासारखा येत होता.

ओधवजीभाईंनीच शिरेतून औषध सुरू केलं आणि तिला घेऊन ॲम्ब्युलन्सनं भावनगरला गेले. तिथे गळ्याला छेद देऊन पू काढला. आणखी दोन तास गेले असते तर श्वास बंद पडला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

तीन आठवड्यांनी रळियात जखम दाखवायला आली. सीआरपी चारवर आला होता. ओधवजीभाई सवयीनं खिडकीकडे वळले. क्षणभर थांबून तिनं स्वतःच पदर मागे सारला. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, तेवढ्यात त्यांनी तिचा चेहरा असा समोरासमोर पाहिलाच नव्हता.

"वहू," ते म्हणाले, "मी तुला मारूनच टाकलं होतं." आणि त्यांचे डोळे भरून आले.

लाभुबेननी आपले डोळे दंडाला पुसले आणि त्यांच्यावर खेकसल्या, "आता रडू नका! नीट दिसायचं नाही. बघा तिच्याकडे."