सुलूताईंचे आखनमधले सहा आठवडे

आमच्या इन्स्टिट्यूटच्या कॉफी मशीनला एक कप भरायला दीड मिनिट लागतं. जर्मन माणूस तेवढा वेळ गप्प उभा राहू शकतो, मी नाही राहू शकत! त्यामुळे पीएचडीच्या चार वर्षांत थीसिसची पानं जमली नाहीत तेवढे किस्से जमलेत. पण सुलूताई इथे राहून गेल्यापासून मी दुसरं काही सांगायला लागले की माझा सहकारी टोबियासच अडवतो. "आल्झो, हे बघ, त्यापेक्षा सुलूताईंचा किस्सा सांग!"

आम्ही दरडींवर काम करतो. डोंगर कधी सुटेल, माती कुठवर जाईल, लोकांनी कुठून पळायचं, याची कॉम्प्युटर मॉडेल्स बनवतो. सुलूताई साताऱ्याकडच्या घाटातल्या एका वाडीच्या. काही वर्षांपूर्वी दरडीत त्यांची अर्धी वाडी गेली. उरलेल्या वाडीला धरून त्यांनी स्वतःचा आराखडा केला. पाऊस कोण मोजणार, जमिनीच्या भेगा कोण बघणार, कोण कुणाला उचलणार, सगळं ठरलेलं. त्यानंतर दोनदा वाडी वेळेवर रिकामी झाली आणि एकालाही खरचटलं नाही. हे आमच्या प्रोफेसरांनी ऐकलं आणि सुलूताईंना थेट सहा आठवड्यांसाठी जर्मनीत, आखनला बोलावलं. दुभाषी मी.

*

पहिल्याच दिवशी सेक्रेटरीबाईंनी गळ्यात घालायचं कार्ड दिलं. नावाखाली छापलं होतं, 'बेट्रोफेनं'.

"म्हंजे काय गं?"

"आपद्ग्रस्त," मी म्हणाले.

सुलूताईंनी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "आपद्ग्रस्त मी एक दिवस हुते. दुसऱ्या दिवसापास्नं कामाला लागले. खोड म्हणावं ते."

"मग काय लिहायचं?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

"अध्यक्ष, ग्राम आपत्ती समिती."

बाईंनी पट्टी लावून बघितलं. एवढं कार्डावर मावत नव्हतं.

"मग कार्ड मोठं छापा!"

छापलं. वहीच्या पानाएवढं. साडीवरच्या जाड जॅकेटवर ते दुकानाच्या पाटीसारखं लटकायचं. आणि प्रोफेसर त्या दिवसापासून त्यांना 'फ्राऊ अध्यक्ष', म्हणजे श्रीमती अध्यक्ष, म्हणायला लागले. त्यांना ते आडनावच वाटलं होतं!

*

टोबियासने सुलूताईंच्याच वाडीचं मॉडेल केलं होतं. मोठ्या स्क्रीनवर डोंगर लाल, घरं पिवळी आणि पळायची वाट हिरवी. शेवटच्या घरापासून शाळेपर्यंत चार मिनिटं. तो खुशीत होता.

सुलूताईंनी दोन मिनिटं स्क्रीन बघितला. "ही वाट वढ्याच्या कडंनं जातीय. चिखल पयला तिथनंच येतो. आन् चार मिनिटांत कोण गेलंय?"

"मॉडेल," टोबियास म्हणाला.

"मॉडेलला सासरा हाय का?"

मी भाषांतर केलं. टोबियासला वाटलं माझं मराठी कच्चं आहे.

"अंथरुणावरचा सासरा!" सुलूताई म्हणाल्या. "त्याला उचलून न्यायचं तर किती मिनिटं, ते सांग."

टोबियास कीबोर्डवर काहीतरी टाइप करायला लागला. मग सुलूताईंनी प्रोफेसरांना खुर्चीत बसवलं. प्रोफेसर सहा फूट चार इंच. "उचला!" टोबियासने पाठ धरली, मी पाय. चौथ्या मजल्यावरून जिन्याने खाली. मधल्या मजल्यावर कुणाची तरी पीएचडीची तोंडी परीक्षा चालू होती, ती मंडळी दार उघडून बघायला लागली. प्रोफेसर खुर्चीतूनच त्यांना 'गुटन मॉर्गन' म्हणाले!

अंगणात पोचायला अकरा मिनिटं लागली.

"आता चिखल धरा," सुलूताई म्हणाल्या, "आन् दुप्पट करा."

प्रोफेसर खुर्चीतून उठले, कोट सारखा केला. "टोबियास, मॉडेलला एक सासरा द्या."

आमच्या कोडमध्ये आज 'सासरा' नावाचा व्हेरिएबल आहे. मागच्या महिन्यात एका जपानी रिसर्चरने ईमेल करून विचारलं, हे कोणत्या शास्त्रज्ञाचं नाव?

*

एके दिवशी मेन्झामध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, जेवत होतो. अचानक सगळ्यांचे फोन एकदम किंचाळायला लागले. सरकारी धोक्याच्या इशाऱ्याची चाचणी होती. दोन-अडीचशे लोकांनी फोनकडे बघितलं, बटण दाबलं आणि परत बटाटे खायला लागले.

सुलूताई उभ्या राहिल्या. जॅकेटच्या खिशातून शिट्टी काढली आणि अशी फुंकली की माझ्या कानठळ्या बसल्या. वर हात करून दाराकडे बोट!

सगळं मेन्झा बाहेर. काही जण ट्रे घेऊनच!

सिक्युरिटीचा माणूस धावत आला. ही फक्त चाचणी आहे, असं तो मला जोरजोरात सांगत होता.

"व्हय, मग चाचणीच घेतली की," सुलूताई म्हणाल्या. "त्याला सांग, फोन नापास. शिट्टी पास."

*

हा किस्सा मी कॉफी मशीनपाशी सांगत नाही.

इन्स्टिट्यूटने सुलूताईंचं भाषण ठेवलं होतं. हॉल भरलेला. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका पत्रकारबाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "दरड आली त्या दिवशी नेमकं काय झालं? तुम्हाला काय वाटलं?" त्यांनी रेकॉर्डर पुढे सरकवला. फोटोग्राफर जवळ आला.

सुलूताईंनी रेकॉर्डर परत मागे सरकवला. मग म्हणाल्या, "ती गोष्ट मी दोनदा सांगितलीय. एकदा पंचनाम्याला. एकदा माझ्या पुतणीला, तिची आई कशी गेली ते तिनं इचारलं तवा. तिसऱ्यांदा सांगनार न्हाई."

मला ती गोष्ट माहीत होती. आमच्या फाइलमध्ये पंचनाम्याची प्रत होती. सुलूताईंची धाकटी जाऊ पोरीला घेऊन बाहेर पडली होती. पोरीला सुलूताईंच्या हातात देऊन ती अंथरुणावरच्या सासऱ्यांना आणायला परत आत गेली. एकटी. दोघंही सापडली ती तिसऱ्या दिवशी.

'तिसऱ्यांदा सांगणार नाही' याचं भाषांतर मी अर्ध्यावरच थांबवलं. सुलूताईंनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि माइक स्वतःकडे ओढला. "गटारं कशी काढायची ते इचारा म्हणावं. त्यानं मानसं वाचतात."

पुढची चाळीस मिनिटं त्या गटारांवर बोलल्या. डोंगराचं पाणी वळवायचे चर, त्यांचा उतार, पानं कधी काढायची, कुणाच्या घरासमोरचं कुणी काढायचं. एकही माणूस उठला नाही. पत्रकारबाईंनी रेकॉर्डर बंद केला आणि वहीत चराची आकृती काढून घेतली. बातमीत फोटो छापून आला तो त्या आकृतीचा!

*

चौथ्या आठवड्यात आयफेलच्या डोंगरातल्या एका खेड्यात गेलो. तिथेही पावसात उतार घसरून दोन घरांत माती घुसली होती. ब्युर्गरमाइस्टर, म्हणजे तिथले सरपंच, फार अभिमानाने सगळं दाखवत होते. सायरन, ॲप, जनरेटर, वाळूच्या पिशव्या.

"झ्याक हाय," सुलूताई म्हणाल्या. "आता सांगा, गावात एकटं कोण ऱ्हातं? ऐकू कुणाला येत न्हाई? जिना कुणाला उतरता येत न्हाई?"

सरपंच हसले. "अशी यादी आम्ही करू शकत नाही. डाटेनशुट्झ!" म्हणजे खाजगी माहितीचं संरक्षण. जर्मनीत या शब्दापुढे भलेभले गप्प होतात. आमच्या प्रोफेसरांनीही वही मिटली.

"नाव लिवायला बंदी हाय," सुलूताई म्हणाल्या. "दार वाजवायला हाय का?"

सरपंचांनी विचार केला. "नाइन," ते म्हणाले. "दार वाजवायला नाही."

"मग चला!"

तीन तास आम्ही दारं वाजवत फिरलो. पुढे सुलूताई, मागे सरपंच, त्यांच्यामागे फायर ब्रिगेडचे तीन स्वयंसेवक. उताराला लागूनच्या शेवटच्या घरातल्या आजींनी आम्हाला खिडकीतून बघून दार उघडलं, वय नव्वदच्या पुढे. सायरनचं कागदावर लिहून विचारलं तर म्हणाल्या, "कुठला सायरन?" दोन वर्षांपासून त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि हे सरपंचांना माहीत नव्हतं. सरपंच त्यांच्या शेजारच्याच गल्लीत राहायचे!

सुलूताई आजींच्या सोफ्यावर बसल्या. एकीला जर्मन येत नाही, दुसरीला ऐकू येत नाही. अर्धा तास गप्पा मारल्या! उठताना सुलूताईंनी फायर ब्रिगेडच्या दोघांना आजींसमोर उभं केलं. "तू डावीकडनं. तू उजवीकडनं. आताच उचलून बघा."

आजींनी लिपस्टिक लावून येते म्हणून पाच मिनिटं मागून घेतली.

*

शेवटच्या आठवड्यात गावाकडून निरोप आला. वाडीचा आराखडा सहीसाठी तालुक्याच्या साहेबांकडे पडून होता. सही झाली की पावसाळाभर शाळा निवाऱ्यासाठी उघडी राहणार होती, आणि पाऊस दोन दिवसांवर आला होता. सुलूताईंनी तिकडे असताना चार खेपा घातल्या होत्या. दर वेळी शिपायानेच बाहेरून परत पाठवलं होतं.

प्रोफेसरांना हे कळल्यावर त्यांनी साहेबांकडे व्हिडिओ कॉलची वेळ मागितली. युनिव्हर्सिटीच्या लेटरहेडवर! वेळ लगेच मिळाली.

सकाळी नऊला कॉल सुरू झाला. लॅपटॉपसमोर प्रोफेसर आणि मी, सुलूताई बाजूच्या खुर्चीत, कॅमेऱ्याबाहेर. साहेब कोट घालून बसले होते. मागे जर्मनीचा झेंडासुद्धा लावला होता, फक्त उलटा.

साहेब इंग्रजीत म्हणाले, "सर, हा आराखडा गावातल्या बायकांनी केलाय. त्यांना शास्त्र कळत नाही. जर्मनीतला एखादा तज्ज्ञ म्हणाला की हा बरोबर आहे, तर मी आत्ता या क्षणी सही करतो."

मी सुलूताईंच्या कानात मराठीत सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," प्रोफेसर म्हणाले. "आमच्या तज्ज्ञ इथेच आहेत." आणि त्यांनी लॅपटॉप सावकाश बाजूला वळवला.

सुलूताईंनी पदर सारखा केला.

"नमस्कार सायेब. जर्मनीतनं बोलतीय. पेन हाय का हाताशी?"