रीसायकल बिनमधली सत्तेचाळीस पानं

घराच्या पुढच्या खोलीत पाच कॉम्प्युटर मांडून मास्तरांनी एकोणीस वर्षं नवशिक्यांना शिकवलं. त्यांची सगळी विद्या फर्निचरवर उभी होती. हार्ड डिस्क म्हणजे कपाट. रॅम म्हणजे टेबल. मोठं असेल तेवढा पसारा जास्त, आणि वीज गेली की टेबल साफ. डेस्कटॉपवर ठेवलेलं येणाराजाणारा वाचतो. "आणि रीसायकल बिन म्हणजे टेबलाखालची टोपली. टाकलेला कागद लगेच जात नाही, हात घालून परत काढता येतो. तिथे कोण डोकावतंय?" विद्यार्थी हे वहीत उतरवून घेत आणि निवांत विसरत.

विसरली नाही ती एकटी त्यांची बायको. मागच्या खुर्चीवर बसून तीही शिकली होती. तिची आई आजारपणात राहायला आली, तेव्हा दुपारी वर्ग रिकामा झाला की ती आईला शेजारी बसवून तिचं आयुष्य तिच्या तोंडून ऐकत टाइप करू लागली. आईची अट एकच: "तुझ्या नवऱ्याच्या वर्गातल्या पोरांनी वाचायला नको हं!" म्हणून मुलगी रोज फाइल टोपलीतून काढायची, चार ओळी वाढवायची आणि परत टोपलीत टाकायची. सत्तेचाळीस पानं झाली. मग आई गेली, आणि तीन महिने तिला ती फाइल उघडवली नाही.

नवी बॅच सुरू होण्याआधी, वर्षातून एकदा, मास्तर साफसफाई करत. त्या शनिवारी रात्री जेवताना ते ऐटीत म्हणाले, "सगळ्या टोपल्या रिकाम्या केल्या."

तिचा घास हातातच राहिला. "अहो, पाचही?"

"पाचही."

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने तिची फाइल असलेलं मशीन उघडलं. "मास्तर, रिकामं केलं म्हणजे पुसलं गेलं असं नाही. अनुक्रमणिकेतलं नाव तेवढं जातं. माल जागेवरच असतो, त्यावर नवं काही लिहीपर्यंत. नंतर काही टाकलंत का यात?"

"त्याच दुपारी. नवे धडे. चित्रांसकट." मास्तर म्हणाले. टोपली रिकामी केल्यावर कागदाचं काय होतं, हे एकोणीस वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

आठवड्याने दुरुस्तीवाल्याकडून वाचलेल्या मजकुराचा एक कागद हाती आला. बराचसा अक्षरांऐवजी रिकाम्या चौकोनांनी भरलेला, मध्येच एक धड ओळ: 'त्या दिवशी दार लावून घेतलं आणि मी तुझ्या बाबांना स्पष्ट सांगितलं की'. पुढे पुन्हा चौकोन.

"काय सांगितलं होतं?" मास्तरांनी हळूच विचारलं. "तू सांग, मी टाइप करतो. सगळंच पुन्हा लिहू."

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"आठवत नाही हो," ती म्हणाली. "ती बोलत होती तेव्हा मी की-बोर्डवर अक्षरं शोधत होते. म्हटलं, नंतर वाचेन सावकाश."