मामींच्या तळहातावर निवडलेली स्कॉच

जानेवारीत हुलसूरहून मामांचं हुरड्याचं बोलावणं येतं. यंदा ते यायच्या आधीच मी बॅग भरली. मामी फोनवर म्हणाल्या होत्या, "ह्यांचं वजन लई उतरलंय. ताटावर बसत्यात अन् चार घास गिळून उठत्यात. येऊन जा एकदा." तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तशी मी मुळातच एका जागी न बसणारी, आई म्हणते हिच्या पायाला भिंगरी आहे. पण हे वेगळं होतं. ऑफिसात खुर्ची टोचायला लागली, तेव्हा शुक्रवारची रजा टाकली आणि निघाले.

वाटेबद्दल आधी सांगून टाकते. पुण्याहून सोलापूर, उमरगा, मग कर्नाटकाची सीमा ओलांडून बसवकल्याणचा फाटा. हमरस्ता सुरेख आहे, पहाटे निघालात तर जेवायच्या वेळेला पोचता. फाट्यापासून पुढे मात्र उसाचे ट्रॅक्टर समोर आले की गाडी मातीत उतरवावी लागते. हुलसूरला मुक्कामाची सोय धरू नका, बसवकल्याण किंवा बीदर गाठा. मला काय, मामांचं घर आहे.

मामा जनावरांचे सरकारी डॉक्टर होते, आता निवृत्त. त्यांचं खरं हत्यार म्हणजे नाक. गोठ्यात पाऊल टाकताच कुठल्या जनावराचं खूर सडलंय ते वासावर सांगायचे. पावसाळ्यात कसलासा ताप आला, तो उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. पूर्ण. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, उग्र वासाच्या गोष्टी रोज सकाळ-संध्याकाळ हुंगा, नाकाला हळूहळू ओळख पटेल. लवंग झाली, लिंबू झालं, कॉफी, निलगिरीचं तेल, सगळं झालं. काहीच फरक नाही.

शनिवारी सकाळी शेतात हुरड्याची आगट पेटली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कणसं, शेजारी शेंगाची चटणी, गूळ, दही. आम्ही तुटून पडलो होतो. मामा बांधावर पाठमोरे बसले होते. मी हुरडा नेऊन दिला, त्यांनी चिमूटभर तोंडात टाकला आणि उरलेला पाखरांना फेकला.

"भुसा खाल्ल्यागत लागायलाय गं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "एक बाटली आणशील? दोन वर्षांखाली आमच्या एका साहेबाच्या पोरानं परदेशातनं आणली व्हती. सिंगल माल्ट. टोपण उघडलं अन् खोलीभर धूर. मी म्हणालो, अरे ही तर हुरड्याची दारू! तो वास आला तर आला, न्हाईतर मी ह्या नाकाचा नाद सोडतो."

आमचे मामा सणासुदीला एखादा पेग घेणारे, तोही मागच्या खोलीत, स्टीलच्या पेल्यात. त्यांनी उघड्या शेतात बाटली मागितली, यावरून मी काय ते समजले. मी म्हटलं, मामा, पुण्यात हवी तेवढी मिळते, पुढच्या आठवड्यात घेऊन येते.

"परराज्यातली नको."

"का?"

"सीमेच्या नाक्यावर नोकरी केलीय मी. महाराष्ट्रातनं येणारी बिगर दाखल्याची जनावरं परत धाडलीत. बैलवाले रडायचे, तरी धाडलीत. अन् आता माझ्याच घरात बिगर दाखल्याची बाटली कामून येऊ दिऊ? कर्नाटकाचा शिक्का असला तर आण."

मला संताप आला. हुलसूरपासून महाराष्ट्र हाकेच्या अंतरावर, इथली अर्धी सोयरीक पलीकडे, आणि हा माणूस अन्न सुटलं तरी नियम सोडत नाही! पण वाद घालण्यात दिवस गेला असता. बीदरचा किल्ला बघायचा बेत होताच, म्हटलं किल्ल्याऐवजी दुकानं बघू. मामी पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. "मी बी येते. तू एकटी कुठं फिरशील असल्या जागी?"

शेजारणीनं विचारलंच, कुठं निघालात? मामी म्हणाल्या, "देवाला."

भालकीवरून बीदर गाठलं. किल्ल्याची तटबंदी उजवीकडे ठेवून सरळ बाजारात. दारूचं दुकान म्हणजे लोखंडी जाळी आणि जाळीला चिकटलेले पुरुष. मी पुढे गेले तशी कुजबुज थांबली. एका काकांनी अत्यंत मदतीच्या सुरात सांगितलं, "अक्का, मेडिकल तिकडं हाय, बाजूला."

"मला इथंच यायचंय. सिंगल माल्ट आहे?"

जाळीमागचा मालक विचारात पडला. "सिंगल न्हाई अक्का. डबल घ्या. दम जास्त हाय."

इथे जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. सिंगल माल्ट म्हणजे मोड आणलेल्या जवापासून, एकाच कारखान्यात काढलेली. निरनिराळ्या कारखान्यांचा माल एकत्र केला की ती ब्लेंडेड. दोन्हीवर स्कॉच लिहिलेलं असतं, म्हणून नुसत्या 'स्कॉच'वर भुलू नका, 'सिंगल माल्ट' आणि 'स्कॉच' हे दोन्ही शब्द लेबलावर हवेत. सोनेरी खोक्याचा आणि आतल्या मालाचा काही संबंध नाही. मामांना हवी तशी धुराची असेल तर आणखी एक गोष्ट लागते: काही बेटांवर दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर ते जव सुकवतात. सगळ्या सिंगल माल्टना हा धूर नसतो. मालकानं दाखवलेल्या एकाही बाटलीत ना सिंगल होतं ना धूर.

मग हुमनाबाद. लॉऱ्या, ढाबे, हॉर्न, डिझेलचा वास. एका दुकानाच्या काचेत खरंच एक सिंगल माल्ट उभी होती! मी जवळजवळ उडी मारली. पण खोक्याचा रंग उन्हानं उडालेला, आणि बाटली उजेडात धरली तर दारू मानेच्या बरीच खाली. बूच कोरडं पडून माल उडत होता. तरीही मी घ्यायला निघाले होते, कारण मला एव्हाना कुठलीही बाटली चालली असती, फक्त घरी जायचं होतं. मामींनी दंड धरला. "उन्हातलं तेल घेतो का आपण? चल."

ढाब्यावर चहा घेतला. मला तोही बसून पिववेना, गाडीभोवती फेऱ्या मारत प्यायले. मामी बाकावर बसून म्हणाल्या, "तुला एक सांगू? आता सैपाक करावाच वाटत न्हाई. काय बी वाढलं तरी बरं हाय म्हणत्यात. मीठ इसरले तरी बरं हाय. असं भिताडाला वाढल्यावानी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि कप ठेवला. मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी गाडी चालू केली आणि कलबुर्गीच्या रस्त्याला घातली.

कलबुर्गीत आधी जेवलो. खानावळीतली कडक भाकरी, भरल्या वांग्याची एण्णेगाई, शेंगाची चटणी, दोघींचं मिळून साधारण तीनशे रुपये. तिथल्या वाढप्यानं सांगितलं की बाहेरच्या रस्त्याला एक मोठं हॉटेल आहे, त्याच्या बारमध्ये फॉरेनचा माल असतो, आणि शेजारीच त्यांचं काचेचं दुकान. दुकानात गेलो. आत शिरून, हातात घेऊन बघता येतं, बायका आल्या तरी कोणी वळून बघत नाही. आणि समोर एक सोडून तीन सिंगल माल्ट!

आता पंचाईत. तिन्ही खोक्यांवर डोंगर, तिन्हींवर गोडगोड वर्णनं. एकीवर धुराचा उल्लेख होता, पण तो दुसरीवरही होता. मी मोबाईल काढून लोकांची मतं वाचायला लागले. कुणाला व्हॅनिला लागला होता, कुणाला चामडं. मामी कंटाळल्या.

"हुंगल्याबिगर कसं घ्यायचं? तूप घेतो का आपण असं?"

"बाटली सीलबंद असते, मामी."

"मग बारमध्ये उघडी असंल की."

माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. फॅमिली सेक्शनमध्ये जाऊन बसलो. मी तिन्हींचे छोटे पेग मागवले, पाणी नको, बर्फ नको. वेटरनं मामींच्या हिरव्या बांगड्यांकडे, कपाळावरच्या मोठ्या कुंकवाकडे बघून विचारलं, "अम्मा को जूस लाऊं?"

मामींनी सरळ पहिल्या पेल्यात बोट बुडवलं, थेंब तळहातावर घेतला, बाजारात तूप पारखताना चोळतात तसा दुसऱ्या तळव्यानं चोळला आणि थांबल्या. दारूचा झणका उडून गेल्यावर तळवा नाकाशी नेला.

वेटर काकुळतीला आला. "अम्मा, पीने का है ये. मालिश का नै."

"गप रे," मामी म्हणाल्या. "हे मनुका. लग्नातल्या शिऱ्यागत. न्हाई." ओल्या रुमालानं हात पुसून दुसरी. "हे काहीच न्हाई. पेरू धुतलेलं पाणी." तिसरी चोळली, नाकाशी नेली आणि मान झटक्यात मागे घेतली. डोळे भरून आले होते त्यांचे. तळवा त्यांनी माझ्यापुढे केला. "आगट. बघ, आगट हाय ही!"

खरंच होती. कलबुर्गीच्या एसीत बसून मला मामांचा बांध दिसला.

पेग तसेच ठेवून आम्ही उठलो (गाडी मला चालवायची होती, आणि मामी तर देवाला आलेल्या). दुकानातून तिसरी बाटली घेतली. बुचावरचा कर्नाटकाचा शिक्का मामींनी चष्मा लावून तपासला. किंमत आठ हजारांच्या आत, पावती मागून घ्या, देतात. मग मामी म्हणाल्या, शेजारणीशी खोटं नको, म्हणून खरोखर देवाला जाऊन आलो. बाटली डिकीत, नारळ मांडीवर. कमलापूरला रस्त्याकडेची लाल केळी घेतली. ती जरूर घ्या, आतून लोण्यासारखी असतात. मी दोन खाल्ली, चवीकडे लक्षच नव्हतं. नाही आला वास तर काय, एवढंच डोक्यात फिरत होतं. 

रविवारी सकाळी मामांची अंघोळ-पूजा झाली. ते ओसरीत खुर्चीवर बसले, नवा शर्ट घालून. मी बाटली उघडली. मामी म्हणाल्या, "डोळे मिटा." आत जाऊन हात चोळत आल्या आणि तळवा त्यांच्या नाकाखाली धरला.

मामांनी खोल श्वास घेतला. चेहरा उजळला. "व्हय! आला की. धूर. आगटीचा, अस्सल!"

मी टाळी वाजवणार होते. मामींनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि शांतपणे म्हणाल्या, "पाणी व्हतं ते."

 मामांनी डोळे उघडले नाहीत, खाली मान घातली फक्त. "तुम्ही दोघी दिवसभर वणवण फिरलात," ते पुटपुटले. "कसं न्हाई म्हणू?" मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. मामींनी मात्र बाटलीतला थेंब घेतला, चोळला, थांबल्या आणि पुन्हा हात धरला. "आता खरं सांगा. काहीच न्हाई आलं तर न्हाई म्हणा, मला चालतंय."

एक श्वास. दुसरा. मामांच्या कपाळाला आठी पडली. "धूर न्हाई," ते म्हणाले. मामींचा हात खाली यायला लागला, तो मामांनी मनगटाला धरून वर ओढला. "थांब. थांब की! धूर न्हाई गं हा. हे... टिंक्चर आयोडीन हाय. जखमेला लावायचं. कुणाचा बैल हाय हा?"

मी बाटली हिसकावून हुंगली. धुराच्या खाली, अगदी स्पष्ट, दवाखाना होता. आम्हा दोघींनाही तो आदल्या दिवशी कळला नव्हता, त्यामुळे त्यांना सांगायचा प्रश्नच नव्हता. मामी मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या, मामा त्यांचा तळहात सोडेनात.

त्यानंतर लगेच लवंग दिली, तर काही नाही. कॉफी, काही नाही. चमत्कार वगैरे झाला नाही, हे स्पष्ट लिहिते, कारण असली बाटली औषध म्हणून कुणी शोधत निघू नये. लातूरच्या डॉक्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं की एक दार किलकिलं झालंय, हुंगत राहा, आणि हुंगायला थेंब पुरतो.

पुण्याला आले, कामाला लागले. बीदरचा किल्ला राहिला, त्याचं काही वाटत नाही. जातील त्यांनी माझ्या वाटचाही बघावा, बाटली हवी असेल तर थेट कलबुर्गी गाठावं आणि आधी बारमध्ये बसून हुंगावं. मी स्वतः तिसऱ्या बाटलीचं नावसुद्धा टिपून ठेवलं नाही. माझ्याबरोबर आली ती अस्वस्थता, जशी नेली होती तशीच. रोज फोन करायचा धीर होत नव्हता आणि न करता राहवत नव्हतं.

काल मामींचाच फोन आला.

"सकाळी ओसरीतनं वराडले माझ्यावर. फोडणी जळायलीय, ध्यान कुठंय तुझं, म्हणाले."

"मामी! ओसरीतून? वास आला त्यांना?"

"आला की."

"आणि फोडणी? खरंच जळली होती?"

"तू गेल्यापसनं रोज जाळायलेय मी," मामी म्हणाल्या. "आता नीट करते."