आरतीआधी रक्त

आत्या आज सकाळी गेली. नव्वदीला टेकून, झोपेत.

असं मरण आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

मांडवीच्या आमच्या घरातले पुरुष पन्नाशी बघायचेच नाहीत. आजोबा कलमांना पाणी घालताना, मोठे काका होडीवर. छातीला हात लावून खाली बसले ते बसलेच.

सगळे म्हणायचे, घराण्याला शाप आहे.

आत्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. तिने लग्न केलं नाही आणि शापही मानला नाही. दोन्हींबद्दल सारखीच बोलणी खाल्ली.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. परदेशात संशोधन करणाऱ्या मैत्रिणीने तिला एक इवलीशी कुपी पाठवली. आत चिमूटभर पांढरी पावडर.

ॲपोलायपोप्रोटीन. रक्तातली चरबी वाहून नेणारं माणसाचं प्रथिन, पण माणसाच्या रक्तातून न काढता जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. वर लिहिलेलं, फक्त प्रयोगशाळेसाठी.

हे शुद्ध प्रथिन शेजारी ठेवून आमच्या रक्तात ते किती आहे हे मोजायचं, एवढाच तिचा बेत.

लॅबची लाईट गेली की ती बंदरावरून माशांचा बर्फ आणून कुपी जपायची. प्रिन्सिपॉल नाक मुरडायचे. मुरडू देत.

रक्त हवं उपाशी पोटी, आणि पुरुष हवेत सगळे एकत्र. असा दिवस आमच्याकडे एकच, गणेश चतुर्थी. मुंबईकर घरी आलेले असतात आणि नैवेद्य होईपर्यंत कुणी तोंडात काही घालत नाही.

आरतीआधी आत्या सिरिंज घेऊन ओटीवर बसली.

चुलत आजोबा, तात्या, त्या पिढीतले एकटेच वाचलेले, कडाडले, "गणपतीसमोर रगत काढतेस गो? लाज हाय काय?"

"त्याचं तर मुंडकंच उडवलेलं, तात्या. तो नाय घाबरायचा रगताला."

बाबांनी हसत पहिला हात पुढे केला. मग मी, नुकताच नोकरीला लागलेला. मग सगळेच.

एका चुलतभावाने गुपचूप मोदकाच्या सारणाचा बकाणा भरला होता. आत्याने त्याला दुसऱ्या दिवशी परत उपाशी ठेवलं.

आत्याने लॅबमध्ये मोजलं. ते प्रथिन आमच्यात फार कमी, म्हणून चरबी हृदयाच्या नळ्यांत साचायची. बाबांच्यात सगळ्यात कमी.

आईने आत्याचा हात धरला. "वन्सं, मग ती कुपीतली पावडर ह्यांना टोचा ना."

आत्या रडली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"वहिनी, ते औषध नाय. ते नुसतं माप हाय."

तिने बाबांची विडी सोडवली. रोज किनाऱ्यावर चालायला नेलं.

तरी बाबा गेलेच.

दहाव्याला तात्या म्हणाले, "बघितलंस? शापच."

"शाप नाय, तात्या. उशीर झाला."

मग ती आमच्या मागे हात धुऊन लागली. दर चतुर्थीला आरतीआधी ओटीवर बसायचं आणि बाही वर करायची. पुढे चरबी कमी करणारी औषधं आली, तीही तिने दटावून आमच्या घशाखाली उतरवली.

मी आज बाबांपेक्षा कितीतरी म्हातारा आहे. चुलतभाऊही. आमच्यातला एकही असा अचानक गेला नाही.

शाप शाप करणाऱ्यांनी खुशाल यावं आणि आमची पांढरी डोकी बघून जावं.

आत्या, खूप आठवण येईल गो. आमचं सगळं आयुष्य तू भांडून आणलेलं आहे.

चतुर्थी आठवड्यावर आली. सुतक आहे, यंदा घरात गणपती बसणार नाही.

रक्त मात्र काढायचंच. तुला हीच श्रद्धांजली.

पोरांनो, सगळे उपाशी पोटी या.